हंगामातली शिंक

गोपाळकृष्ण बसला, आणि बसल्यावर त्याला कळले की आपण बसलो. डोक्याला पगडी, अंगात धुवट अंगरखा, पायात जोडे, काखेत नाटकाच्या कागदांचे बाड, असा तो सकाळी घरातून निघाला होता. एक पाय उंबरठ्याच्या बाहेर गेलासुद्धा होता. एवढ्यात आतून, चुलीच्या बाजूने, तारा शिंकली. एकदाच शिंकली, आणि ती शिंक काही मोठी नव्हती. मांजरीच्या शिंकेहून थोडी जास्त. पण बाहेर गेलेला पाय आपणहून आत आला, दुसरा त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी मिळून उरलेल्या गोपाळकृष्णाला ओटीवरच्या जाजमावर नेऊन बसवले. या सगळ्यात त्याला कुणी विचारले नाही. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, अमरावतीच्या इंग्रजी शाळेचा हेडमास्तर, पुण्याच्या कॉलेजात तर्कशास्त्रात पहिला आलेला, 'शिंक: नाकाची एक साधी क्रिया' या विषयावर गेल्याच श्रावणात भर सभेत व्याख्यान दिलेला आणि त्या व्याख्यानात मोराचे पीस स्वतःच्या नाकात घालून पुराव्यादाखल शिंकून दाखवलेला माणूस, बायकोची शिंक ऐकून जाजमावर बसला होता. तोही नीट, मांडी घालून.

तारा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. शिंकेला थांबलेल्या माणसाला घोटभर पाणी द्यावे आणि मग त्याने निघावे, ही रीत. म्हणजे तिने पाहिले होते.

"बसलात?" ती म्हणाली.

"जोडा चावत होता."

तिने जोड्याकडे पाहिले. जोडा चार वर्षांचा होता आणि चावण्याचे त्याचे वय केव्हाच उलटले होते. तिने तांब्या पुढे केला. गोपाळकृष्णाला नको म्हणता आले असते, पण मग कशाला नको तेही सांगावे लागले असते, म्हणून तो पाणी प्याला. पाणी गार होते. ताराने भुवईसुद्धा वर केली नाही. रिकामा तांब्या घेऊन ती आत गेली आणि आतून पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला. तो नेहमीचाच आवाज होता, आणि गोपाळकृष्णाला तो अतिशय भयंकर वाटला.

रस्त्याला लागल्यावर त्याने प्रकरण हातात घेतले, म्हणजे डोक्यात घेतले. त्याची सगळी प्रकरणे तिथेच चालत. त्या साली अमरावतीत कुणाच्याच डोक्यात कापसाखेरीज दुसरे काही शिरायला जागा नव्हती. तिकडे अमेरिकेत भाऊ भावावर बंदुका चालवत होता आणि तिथला धूर इकडे जणू रुई होऊन उतरत होता. विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसावाचून जेवण जाईना. दर्यापूरच्या, अंजनगावच्या गाड्या रात्रंदिवस येत, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या असत, आणि ज्यांनी कधी घोंगडीशिवाय पांघरले नव्हते ते मखमलीच्या बंड्या घालून भर उन्हात घामाघूम फिरत. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गावाच्या हवेत रुईच रुई. ती पगडीवर बसे, वरणात पडे, देवळातल्या देवाच्या पापण्यांवर साचे. सगळे गाव शिंकत असे. आता एवढ्या शिंकांना थांबायचे म्हटले तर एकही गाडी सुटली नसती आणि एकही सौदा पुरा झाला नसता. म्हणून बाजाराने, कधी आणि कुणी ते कुणालाच माहीत नाही, ठरवून टाकले होते की हंगामात शिंक धरायची नाही. मांजर आडवे गेले तर धरायचे, रिकामी घागर समोर आली तर धरायची, पण शिंक आषाढापासून पुढे. लहान पोरांनाही हा नियम ठाऊक होता. गोपाळकृष्णालाही होता, या नियमावर तो स्वतःच कितीदा हसला होता. म्हणजे शहाण्यांच्या रीतीने पाहिले तर त्याने बसायला नको होते, आणि खुळ्यांच्या रीतीने पाहिले तरी बसायला नको होते. मग तो कुणाच्या रीतीने बसला?

चालता चालता त्याला आपल्या उजव्या खांद्यावर काहीतरी जाणवले. वजन म्हणावे तर वजन नव्हते, पण दाब होता. गंधाचा आणि तंबाखूचा एकत्र वास आला. दर्यापूरला लहानपणी वडिलांबरोबर भिक्षुकीला निघताना कुणी शिंकले की वडील काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि त्याला खाली दाबत, तो बसे, ते बसत, मग दोघे ओसरीवर बसून समोरच्या बोरीवरचे पोपट पाहत. त्या थोड्या वेळात वडील त्याला कधी पाढे विचारत नसत. दिवसभरात एवढी एकच सुटी. वडील जाऊन बारा वर्षे झाली, तर्कशास्त्र शिकून त्याहून जास्त, आणि तरी तो हात तिथेच होता. डोके पुण्याला जाऊन आले होते. कमरेच्या खालचा भाग दर्यापूरहून हललाच नव्हता. हा विचार त्याला शास्त्रीय वाटला आणि म्हणून जरा बरे वाटले. पण हे ताराला कसे सांगायचे? आणि तेही आज?

आज नाटक होते. पुणे सोडताना कॉलेजातल्या गोऱ्या प्राध्यापकाने त्याला एक जुने पुस्तक भेट दिले होते: शंभर वर्षांपूर्वी पॅरिसला झालेले एक नाटक, इंग्रजीत उतरवलेले. सुरुवातीची पाने वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे ते लिहिले कुणी हे कळायला मार्ग नव्हता, आणि गोपाळकृष्णाला ते एका परीने आवडे. जणू बुद्धीनेच स्वतः बसून लिहिले असावे. पॅरिस त्याने पाहिले नव्हते. त्याच्या मनातले पॅरिस पुण्याच्या बुधवार पेठेसारखे होते, फक्त वरून बर्फ पडत होते आणि लोकांनी पांढरे टोप घातले होते. तिथे एका झगमगत्या नाटकगृहात एक तत्त्ववेत्ता रंगमंचाच्या कडेशी येई, हजारो मेणबत्त्यांच्या उजेडात बोलू लागे, आणि सरदार, सावकार, धर्मगुरू खुर्चीत अस्वस्थ होऊन चुळबुळत. हे दृश्य गोपाळकृष्णाने इतक्या वेळा पाहिले होते की त्या तत्त्ववेत्त्याचा चेहरा आताशा थोडा त्याच्यासारखाच दिसू लागला होता.

नाटक तसे साधे होते. एका सरदाराची साक्ष झाली तर एक निरपराध माणूस फाशीतून सुटणार असतो. पण सरदार शकुनाचा भक्त. निघायला लागला की काहीतरी होते आणि तो पुन्हा आत येऊन बसतो. शेवटच्या अंकात गाडी दारात उभी, वेळ संपत आलेली, आणि नोकर शिंकतो. सरदार बसतो. मग घरात पाहुणा आलेला तत्त्ववेत्ता उठतो आणि एक भाषण करतो. ते ऐकून सरदाराचे डोळे उघडतात आणि तो उंबरठा ओलांडून जातो. त्या भाषणासाठीच नाटक होते. मूळ भाषण पानभर होते. गोपाळकृष्णाने मराठीत आणताना ते तीन पानांचे केले, कारण त्याच्या मते पॅरिसपेक्षा अमरावतीला त्याची गरज जास्त होती.

सरदाराचे काम खुशालराव दलालांकडे होते. खुशालराव दर्यापूरकडचे मोठे शेतकरी, आता कापसाचे दलाल, आवाज असा की एका टोकाला बोलले तर बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा बैल कान टवकारी. त्यांना नाटकाचा नाद होता. राक्षसांच्या आरोळ्यांची पौराणिक नाटके पाहायला ते अकोल्यापर्यंत जात. पण या नाटकाशी त्यांचे जमता जमत नव्हते. पहिल्याच तालमीत, शाळा सुटल्यावर, वर्गात बाकावर बसून त्यांनी विचारले होते:

"मास्तर, इथं लिवलं हाये, तेरा मानसं जेवाले बसली म्हनून सरदार भेते. तेरा बसले तं काय होते?"

"तिकडे अशुभ मानतात."

"आमच्याइकडं तेरा बसले तं चौदावा रुसते. थे घाला."

ते घातले. मग शिंकेची पाळी आली. नोकराचे काम तहशिलीतल्या जानरावाकडे होते, कारण तो तपकीर ओढत असे आणि हवी तेव्हा शिंकू शके. जानराव शिंकला. खुशालराव तसेच उभे.

"बसा," गोपाळकृष्ण म्हणाला.

"काहून?"

"शिंक झाली ना."

"हंगामात शिंक धरत नाईत, मास्तर."

"पण हा सरदार धरतो. तो अंधश्रद्ध आहे."

"अंधश्रद्ध असन, पन येडा तं नाई ना? रुईची शिंक थे. तिचा अन् नशिबाचा काय संबंध?" खुशालरावांनी समजूत घातली. "अन् मानूस फासावर चाललाय, अन् हा बसून राहिला. लोक काय म्हन्तीन मले?"

शेवटी तोड निघाली ती अशी, की नाटक आषाढात घडते असे समजायचे. आषाढातली शिंक खुशालरावांना मान्य होती. तरी बसणे काही त्यांना जमेना; खाली बसताना ते धोतर सावरत आणि एखाद्या पंगतीला बसल्यासारखे बसत. मग गोपाळकृष्णाने स्वतः करून दाखवले. जानरावाला शिंकायला लावले, कपाळावर हात मारला, डोळे फिरवले आणि बाकावर कोसळला.

"पोट दुखल्यावानी वाटते," गोवर्धन म्हणाला, आणि सगळ्यांचेच तसे मत पडले. तेव्हा गोपाळकृष्णाला मनातून आनंद झाला होता. शिंकेला कसे बसतात हे आपल्या शरीराला ठाऊकच नाही, आपण इतके शुद्ध झालो आहोत, असे त्याला वाटले होते. आता कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत जाताना ती आठवण त्याला टोचत राहिली. आज सकाळच्या त्या बसण्याला एक प्रकारची सफाई होती. आज खुशालरावांनी ते पाहिले असते तर त्यांना सगळे समजले असते.

हा गोवर्धन कापडाच्या दुकानात होता आणि आवाज गोड म्हणून सरदाराच्या मुलीचे काम करत होता. फक्त त्याला मिशी होती. मिशी काढ म्हटल्यावर तो पांढराफटक पडला. बाप जिवंत आहे, म्हणाला. बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे बाप मेल्याची दवंडी पिटायची. गोपाळकृष्णाने त्याला दोन दिवस समजावले: ओठावरच्या केसांचा आणि बापाच्या प्राणाचा कार्यकारणसंबंध कसा सिद्ध होत नाही, हे उदाहरणे देऊन सांगितले. गोवर्धन प्रत्येक मुद्द्याला मान हलवी, "पटलं मास्तर, सोळा आने पटलं," म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी मिशीसकट येई. शेवटी मुलीच्या हातात कायमचा पंखा द्यायचे ठरले. तिने तो तोंडापुढे धरायचा. त्यामुळे मिशी दिसेना, पण वाक्येही ऐकू येईनात.

हे सगळे सोपे होते. या माणसांना पटले नाही तरी गोपाळकृष्णाचे काही अडत नव्हते. अडत होते ते ताराशी.

तीन वर्षांपूर्वी तो अकोल्याच्या शाळेत होता. तिथे त्यांची मुलगी तापाने आजारी पडली. दोन वर्षांची होती. वैद्य झाले, डॉक्टर झाला. घरी दळणकांडण करायला येणारी मैनाबाई महानुभाव पंथाची होती; तिच्यापाशी बसून, एका दुपारी, ताराने म्हटले की पोर उठू दे, मी रिद्धपूरला येईन, शेवटचा कोस अनवाणी चालेन. पोर उठले नाही. सुतकाचे दिवस सरल्यावर तारा म्हणाली, मला रिद्धपूरला जायचे आहे. गोपाळकृष्ण तेव्हाही आवाज न चढवता बोलला. त्याने तिला समजावले की नवस हा एक करार आहे, करारात अट होती, अट पुरी झाली नाही, तेव्हा कराराची बांधिलकी उरत नाही. तुझ्याच श्रद्धेच्या नियमाने पाहिले तरी तू मोकळी आहेस. युक्तिवाद निर्दोष होता. आजही त्यात त्याला कुठे फट सापडत नसे. तारा ऐकत होती. मग म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. पण मी येते म्हणून सांगितलं आहे."

"कुणाला?"

"तिथे."

यावर काय बोलायचे ते पुण्याच्या कॉलेजात शिकवले नव्हते. तो नाही म्हणाला. रिद्धपूर महानुभावांचे, तेव्हा नात्यातल्या शास्त्रीमंडळींनीही नाक मुरडले. गोपाळकृष्णाचे आणि शास्त्रीमंडळींचे आयुष्यात ज्यावर एकमत झाले अशी ही एकच गोष्ट. ताराने पुन्हा विषय काढला नाही. अकोला सुटले, अमरावती आली, रिद्धपूर होते त्याहून जवळ आले. यात्रेच्या गाड्या घरावरून जात, तेव्हा ती दारात उभी राही आणि तो ओटीवर पुस्तक उघडून बसे. पान उलटायला मात्र तो विसरे. आपण बुद्धीच्या बाजूला आहोत, आणि बुद्धीच्या बाजूला असलेला माणूस क्रूर असू शकत नाही, हे तो तेव्हा स्वतःला सांगे. हे सगळे एका गोष्टीवर उभे होते: तो स्वतः पक्का आहे. आणि आज तो जाजमावर बसला. ताराच्या हाती शस्त्र आले होते. ती शस्त्र चालवणारी बाई नव्हती. ती ते चालवणार नाही, याचीच त्याला भीती वाटत होती. तिने नुसता तांब्या पुढे केला. आज ती नाटकाला येणार होती. एका आडत्याच्या माडीवर बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बायकांची सोय होती, रंगमंचाच्या समोरच. तिथून तिला सगळे दिसणार होते, आणि तिला तोंड करून गोपाळकृष्णाला तीन पाने बोलायची होती की शिंकेला बसणारा मनुष्य आपल्या बुद्धीचा खून करतो.

नाटक दुपारी होते. बाकीची नाटके रात्री, मशालींच्या उजेडात होत. पण गोपाळकृष्णाने हट्ट धरला होता की अंधाराविरुद्धचे नाटक अंधारात करणार नाही. त्यामुळे बाजाराच्या मैदानात, कापसाच्या गाठी रचून केलेल्या रंगमंचावर, लख्ख ऊन होते, आणि रंगवलेल्या पॅरिसच्या खिडकीमागून खरे बैल दिसत होते. प्रेक्षक भरपूर होते. ते खुशालरावांना पाहायला आले होते आणि आलेच आहेत तर म्हणून रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदेही करत होते. तत्त्ववेत्त्याचा पांढरा टोप रुईचा केला होता. गोपाळकृष्ण तो घालून आला की जवळचा माणूस शिंके. पहिला अंक बरा गेला. चौदावा रुसला तेव्हा फार हशा झाला. गोवर्धन पंख्यामागून काहीतरी म्हणत होता आणि लोक आपापल्या परीने अर्थ लावत होते. गोपाळकृष्ण आपली वाक्ये म्हणत होता, पण त्याचे कान पुढच्या अंकात होते. माडीकडे पाहायचे नाही असे त्याने ठरवले होते, त्यामुळे तो सारखा तिकडेच पाहत होता. चिकाच्या पट्ट्यांमागे रंग हलत. त्यातली तारा कुठली ते कळत नव्हते, म्हणून सगळाच पडदा तारा झाला होता.

शेवटचा अंक आला. गाडीची घंटा वाजली. खुशालराव पागोटे चढवून, काठी घेऊन, दाराच्या चौकटीपाशी आले. गोपाळकृष्णाचे पहिले वाक्य जिभेवर येऊन बसले होते आणि त्याला एकदम वाटले की ते आपले नाही, दुसऱ्या कुणाच्या ताटातले आहे. जानरावाने चिमूटभर तपकीर ओढली आणि तो शिंकला. उत्तम शिंकला. बैल दचकले.

खुशालरावांनी मैदानाकडे पाहिले. समोर त्यांचे सगळे जग बसले होते: आडते, गाडीवाले, अंजनगावचे व्यापारी, मुंबईच्या पेढीचे गुमास्ते. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. रुमालाखालचे हातसुद्धा थांबले. खुशालरावांचे गुडघे जरा वाकले. तालमीत ठरल्याप्रमाणे वाकले. मग सरळ झाले. त्यांनी काठी टेकली, जानरावाकडे बघून म्हटले, "रुईची हाये," आणि दार ओलांडून निघून गेले.

मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. निरपराध माणूस वाचला होता. लोक उठू लागले. रंगमंचावर रुईचा टोप घातलेला तत्त्ववेत्ता आणि पंखा धरलेली सरदाराची मुलगी उरली. गोवर्धनला काहीतरी बोलावेसे वाटले असावे. त्याने पंखा खाली केला, प्रथमच स्पष्ट ऐकू येईल असे म्हटले, "बाबा गेले वाटते," आणि पडदा पडला.

पडद्याच्या आत गोपाळकृष्ण उभाच राहिला. त्याला राग यायला हवा होता. वर्षभराचे काम, तीन पाने, पॅरिस, सगळे एका दलालाने दोन शब्दांत गिळले होते. पण राग यायच्या आधी दुसरेच काहीतरी आले. छातीतून ओझे उतरावे तसे आले, आणि त्याला कळले की ही सुटका आहे. बोलावे लागले नाही, याचा त्याला आनंद झाला होता. सकाळच्या बसण्याला निदान पाय जबाबदार होते. या आनंदाला त्याच्याखेरीज कुणी जबाबदार नव्हते.

खुशालराव घाम पुसत आले.

"चुकलं मास्तर," ते म्हणाले, पण चुकल्यासारखे म्हणाले नाहीत. "आशाड समजाचा होता, मले याद होती. पन ऊन पडलं होतं. अन् समोर सारे बाजाराचे लोक. भर हंगामात शिंकेले बसलो असतो तं उद्या कोनी हात देल्ला नसता मले. म्हनले असते, खुशालराव भेला."

"भाषण राहिले."

"हो ना. थे वाईट झालं." खुशालराव क्षणभर खरोखर हळहळले. "पन थे कोनाले होतं, मास्तर? मी तं चाललोच होतो."

घरी परतायला दिवस कलला. तारा आधीच आली होती. अंगणात तुळशीपाशी पायरीवर बसून ती लुगड्यावरची रुई वेचत होती. गोपाळकृष्णाने पगडी खुंटीला लावली. रस्ताभर त्याने तयारी केली होती: वडिलांचा हात, स्नायूंची सवय, बुद्धी आणि शरीर यांतले अंतर. तिने विचारले की सांगायचे. तिने विचारले नाही.

"तुमचं ते भाषण राहिलं," ती म्हणाली.

"हं."

"वर्षभर घोकत होतात. मला आतून तुकडे तुकडे ऐकू यायचे. सबंध कधी ऐकलं नाही." तिने बोटावरचा रुईचा तंतू फुंकला. "म्हणा की."

"आता? इथे?"

"काहून नाही? टोप पाहिजे का?" तारा अकोल्याची होती, आणि मनातले बोलू लागली की तिच्या तोंडी पुण्याच्या 'का'चा 'काहून' होई.

त्याला नाही म्हणता आले नाही. तो अंगणात उभा राहिला. सुरुवातीला पुटपुटला, मग आवाज सुटला. पहिले पान शिंकेवर होते; ते म्हणताना तो अंगणाबाहेरच्या पिंपळाकडे पाहत राहिला. दुसऱ्या पानावर भीतीचे वर्णन होते. ते त्याने स्वतः लिहिले होते, मुळात नव्हते, आणि आज प्रथमच त्याला ते खरे वाटले. तिसऱ्या पानाशी आला तेव्हा तो ताराकडे पाहत बोलत होता, हे त्याच्या ध्यानात नव्हते. "जे करणे आपणांस उचित वाटते," तो म्हणाला, "ते दुसऱ्याच्या अनुज्ञेची वाट न पाहता करावे. लोक हसतील, आप्त रुष्ट होतील, विद्वान दोष दाखवतील; तरी ज्याने मनाशी निश्चय केला त्याने उंबरठा ओलांडावा. उंबरठ्याच्या आत बसून कोणी शहाणा झालेला नाही."

ती मध्ये एकदाच बोलली. "अनुज्ञा म्हणजे?"

"परवानगी."

"हं. पुढे."

पुढे थोडेच होते. ते संपले. बाहेरून गाड्या जात होत्या. ताराने रुई वेचणे थांबवले होते, आणि गोपाळकृष्णाला तिथे आपले पॅरिस दिसले. हजार मेणबत्त्या नव्हत्या, एक पायरी होती.

"छान आहे," ती म्हणाली. "सगळं पटलं."

'पटलं' या शब्दाचा त्याला गोवर्धनपासून धसका बसला होता. "पटलं म्हणजे?"

"पटलं म्हणजे पटलं. त्या सरदाराला जायला भाषण लागलं नाही. मला लागत होतं." ती उठली, पदर झटकला. "मैनाबाई अकोल्याहून आली आहे. तिच्या जावयाची गाडी उद्या पहाटे रिद्धपूरला निघते. मी तिला येते म्हणून कळवते आत्ता. वाटेत एक मुक्काम पडेल."

गोपाळकृष्णाने तोंड उघडले. करार, अट, बांधिलकी, सगळे जागच्या जागी तयार होते. फट कुठेच नव्हती. पण त्या सगळ्याच्या विरुद्ध आता एक दुसरे भाषण अंगणात उभे होते, त्याने स्वतः वर्षभर घासूनपुसून केलेले, आणि तेही निर्दोष होते. शंभर वर्षांत त्या नाटकाचे ऐकून कुणी खरोखर घराबाहेर पडले असेल, तर ते पॅरिसला पडले की नाही त्याला माहीत नव्हते. अमरावतीला पडत होते. लेखकाला याहून अधिक काय हवे असते, असे त्याला वाटले, आणि लेखकाने याहून जास्त कधी गमावले असेल, असेही वाटले. मग त्याला मुलीचा तापलेला तळवा आठवला. तीन वर्षांत तो तळवा युक्तिवादात कुठेच आला नव्हता. त्या रात्री तो त्याच्या हातात होता, आणि त्या रात्री मैनाबाईच्या त्या ठिकाणाचे नाव त्याच्याही तोंडी येऊन गेले होते; मोठ्याने नव्हे, पण आले होते. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. स्वतःलाही नव्हते.

"तिथे," तो म्हणाला आणि थांबला. "तिथला शेवटचा कोस. खडी आहे का?"

तारा दारात वळली. तिने त्याच्याकडे पाहिले, सकाळी जोड्याकडे पाहिले होते त्याहून पुष्कळ जास्त वेळ.

"आहे म्हणतात," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "दशम्या माझ्यापुरत्या करू, का दोघांच्या?"

ज्याने कोणत्याही प्रश्नाला पाव तासाच्या आत उत्तर दिले नव्हते तो गोपाळकृष्ण म्हणाला, "दोघांच्या." आणि याचे कारण सांगायला त्याने घसा साफ केला, पण तोवर तारा आत जाऊन पिठाच्या डब्याचे झाकण उघडत होती.